उत्साही माणूस, पितळी फिल्टर आणि गायब चमचे

ऑफिसातला सगळ्यात वैताग आणणारा माणूस कोण, यावर माझं मत आता पक्कं झालंय. आळशी माणूस नाही. आळशी माणूस बिचारा आपल्या खुर्चीत पडून असतो, त्याचं थोडंफार काम आपल्या अंगावर येतं हे खरं, पण निदान तो आपल्याला काही करायला तरी लावत नाही. खडूस माणूस तर परवडलाच, त्याच्याशी बोलायचंच नसतं म्हटल्यावर उलट वेळ वाचतो. खरा ताप असतो उत्साही माणसाचा. बाकीच्यांचे कॉम्प्युटर अजून चालू व्हायचेत, कुणी डबा ठेवतंय, कुणी देवाला उदबत्ती लावतंय, आणि हा येऊन म्हणणार, "ऐका ना, एक मस्त आयडिया आलीय." आणि ती आयडिया त्याला एकट्याला करायची नसते, सगळ्यांनी मिळून करायची असते, हा खरा प्रॉब्लेम.

आमच्याकडे असा एक आहे. आपण त्याला उत्साहराव म्हणू, खरं नाव कळलं तर तो त्याच्यावर पण मीटिंग घेईल.

आधी ऑफिसबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आमचं टॅक्स आणि अकाउंट्सचं ऑफिस आहे, खाली मेडिकल, शेजारी झेरॉक्स. क्लायंट म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतली वर्कशॉपं, असे सगळे. ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, २० ला दुसरं, तिमाहीवाल्यांचं २२ ला, त्यामुळे आम्हाला एकादशी चतुर्थी कळत नाही, ड्यू डेट तेवढी कळते. आणि हे सगळं चालतं चहावर. मामा, म्हणजे आमचे शिपाई, खालच्या गाड्यावरनं किटली भरून आणतात, अकराला एकदा, चारला एकदा, आणि २० तारखेला मोजायचं नसतं. कॉफी म्हणजे किचनमधल्या कपाटात एक काचेची बरणी, ती पण सरांसाठी आणि कुणी पुण्याचं ऑडिटर वगैरे आलं तर. असं सुखात चाललेलं.

मग उत्साहराव सुट्टी काढून चिकमंगळूरला जाऊन आला.

येताना त्यानी आमच्यासाठी काय आणलं, तर पितळी कॉफी फिल्टर. म्हणजे माणूस काजू आणतो, मसाले आणतो, गेला बाजार एखादं कीचेन आणतो. यानी कामाला लावायचं यंत्रच आणलं. दोन भांडी एकावर एक बसवलेली असतात, वरच्याच्या बुडाला बारीक बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड घालायची, दांडीवाली एक चकती असते तिनी ती दाबायची (फार दाबली तर पाणी उतरत नाही, कमी दाबली तर नुसतं गढूळ पाणी धो धो खाली येतं), मग वरून कडक पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, पंधरा वीस मिनिटं. थेंब थेंब खाली पडतो तो काढा, त्याला डिकॉक्शन म्हणायचं, मग त्यात गरम दूध. ऐकायला भारी वाटतंय ना? आता हेच दृश्य २० तारखेला दुपारी चार वाजता बघा. पोर्टल गोल गोल फिरतंय, फोन वाजतायत, लेट फी दिवसाला ५० रुपयांनी चालू होणार म्हणून क्लायंट जिन्यात उभे, आणि आमचे उत्साहराव किचनमध्ये ओट्यावर हनुवटी टेकवून थेंब बघत बसलेत. मामांना दुधाचं पातेलं गरम करायला जागा नाही. त्यांनी पहिला घोट घेतल्यावर जे तोंड केलं ते मला अजून आठवतंय. म्हणाले, "चांगलं हाय की ओ, खोकल्याला दिल्यागत."

आणि कॉफी दिली की तो समोरून हलत नाही हो! आपण पहिला घोट घेईपर्यंत तोंडाकडे बघत उभा राहतो. "कशी झालीय?" आता चांगली म्हणावं तर उद्या परत मिळणार, वाईट म्हणावं तर का वाईट, पाणी कमी गरम होतं का, पूड जाड होती का, याच्यावर चर्चा. मी मधला मार्ग काढलाय, "गरम आहे" एवढंच म्हणते. ते खोटं पण नाही.

पण त्याचं ज्ञान ऐकून ऐकून मला पण बरंच कळायला लागलंय, हे मान्य करते. १७ व्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत यमनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे, त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या पोरीला झोपवताना सांगितलं एकदा. तिचा प्रश्न एकच, "सातच का?" मी म्हटलं उद्या काकांना विचारते. विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता.

दुसरं ज्ञान चिकोरीचं. एकदा यानी कपाटातली सरांची बरणी काढली, चष्मा वर केला आणि लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं, ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी. सगळे गप्प. इतकी वर्षं सर "मी फक्त कॉफी घेतो" असं सांगत होते, आणि निम्म्याला जरा कमी एका झाडाचं भाजलेलं मूळ पीत होते. चिकोरी म्हणजे मूळच असतं, भाजून पूड केलेलं, रंग मस्त काळपट येतो, कडवटपणा येतो, दाटपणा येतो, आणि कॅफिन शून्य. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे आणि टक्केवारी लेबलवर छापायला लागते, म्हणजे फसवणूक काही नाही, आपणच वाचत नाही. आम्ही सगळे टक्केवारीच्या हिशेबावर पोट भरणारी माणसं, दुसऱ्याच्या बिलावरचा अर्धा टक्का फरक लगेच दिसतो, आणि रोज हातात घेतो ती बरणी कधी वाचली नाही. सर दोन दिवस चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी परत बरणीवर आले, म्हणाले, "चवीची सवय झालीय, मुळाची तर मुळाची."

टॅक्सवाल्यांचं ऑफिस असल्यामुळे आमच्यातली भांडणं पण तशीच. चहा पार्टीचा एक जुना ठेवणीतला मुद्दा होता की बाबा चहा पावडर ५ टक्क्यात येते आणि तुमची इन्स्टंट कॉफी १८ टक्क्यात, म्हणजे सरकारला पण माहिताय कोण गरजेचं आणि कोण चैनीचं. यावर उत्साहराव लगेच, भाजलेल्या बियांची पूड पण ५ टक्क्यातच आहे, म्हणजे माझी फिल्टर कॉफी गरजेचीच. हे रोजचं. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले आणि इन्स्टंट पण ५ वर आली, आणि चहा पार्टीच्या हातातला तो एकुलता एक सरकारी पुरावा गेला. त्या दिवशी उत्साहरावनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. बाकी जीएसटीनं गप्पांना विषय भरपूर दिलाय याबद्दल आभारच मानले पाहिजेत. ओली हळद शून्य, तीच वाळवून पॉलिश केली की ५. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या जैसलमेरच्या बैठकीनंतर सगळा देश पॉपकॉर्नवर हसत होता, खारे सुटे असले तर ५, पाकिटात १२ आणि कॅरॅमलवाले १८, पण आम्ही हसलो नाही, कारण त्याच बैठकीत बेदाण्याचं पण स्पष्ट झालं होतं की शेतकऱ्यानं स्वतः विकला तर जीएसटी लागत नाही, आणि आमचा फोन त्यासाठी दिवसभर वाजत होता. लोकांना पॉपकॉर्न, आम्हाला बेदाणा. गाव तसा विषय.

फोनवरून आठवलं. आमच्यात एक स्पीकरदादा पण आहेत. मनानं एकदम सोन्यासारखा माणूस, पण फोन कानाला लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. सगळे कॉल स्पीकरवर, आणि क्लायंट तिकडून वाऱ्यात उभा. रिटर्न भरताना ओटीपी लागतो ना, तेव्हाचं हे संभाषण महिन्यातून कितीतरी वेळा सगळं ऑफिस ऐकतं:

"आण्णा, ओटीपी आलाय बघा."
"आलाय की. चार, सात, दोन, नऊ."
"अजून दोन आकडे असतील बघा, सहा आकडी असतोय."
"चारच हायत."
"कुणाचा मेसेज हाय त्यो?"
"…गॅसचा हाय वाटतं. आवो, सिलेंडरवाला दारात उभा हाय!"

मग हसावं का रडावं कळत नाही. तोपर्यंत आमचा ओटीपी एक्स्पायर.

बाकीचे किरकोळ नमुने भराभर सांगते. एक आहे ती आपल्या खांद्यावरून आपली स्क्रीन वाचते, नुसती वाचत नाही, ओठ हलवत वाचते. एक आहे त्याला 'दोन मिनिटं आहेत का' असं विचारायची सवय आहे आणि दोन मिनिटं फक्त खुर्ची ओढायलाच लागतात. पंख्याचा रेग्युलेटर हा वेगळाच विषय, एक तीनवर करून गेली की दुसरा येऊन पाचवर करतो, दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत, नुसतं मूकपणे चालू आहे. आणि फ्रीजमध्ये एक डबा आहे त्याचा मालक कोण हे कुणाला माहीत नाही, उघडायची कुणाची हिंमत नाही.

फ्रीजचं जाऊ दे, चमच्यांचं बोलू. आमच्या किचनमध्ये चमचे टिकत नाहीत. स्टीलचे आणले, गेले. उत्साहरावनी पाठीमागे नेलपॉलिशनी खुणा केलेले आणले, ते पण गेले. शेवटी लोक साखर ढवळायला पेनाचं टोपण वापरायला लागले (कोण ते सांगत नाही, बसस्टॉपजवळ राहतात). मला वाटायचं हे आपल्याकडचंच, पण नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत असंच होत होतं, तर तिथल्या लोकांनी चक्क त्याचा अभ्यास केला, ७० चमच्यांवर गुपचूप नंबर टाकले, वेगवेगळ्या चहाच्या खोल्यांत ठेवले आणि मोजत बसले. पाच महिन्यांत ५६ गायब. ८० टक्के! आणि हे सगळं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ मध्ये छापून आलं, नाताळच्या वेळेस त्यांचा जरा गमतीचा अंक असतो त्यात. किरणोत्सर्गी पदार्थाचं काढतात तसं चमच्यांचं अर्धायुष्य काढलं त्यांनी, ८१ दिवस. म्हणजे ८१ दिवसांत निम्मे चमचे स्वर्गवासी. सगळ्यांची मिळून जी खोली असते तिथे त्याहून लवकर, ४२ दिवस. हे मला एकदम पटलं. सामायिक गोष्टीचा कुणी वाली नसतो, आमच्या सामायिक विहिरीच्या मोटारीचं पण हेच आहे.

मी हे कुठेतरी वाचलं आणि जेवताना सहज बोलले. उत्साहरावसमोर बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चमच्यांवर नंबर, भिंतीवर तक्ता, आणि तक्त्यावर सही करायची, चमचा नेला वेळ, चमचा ठेवला वेळ. मामांनी पहिल्याच दिवशी सगळ्या रकान्यांत एकदम सह्या करून टाकल्या, महिन्याच्या. म्हणाले, "एकदाच काय त्ये उरकून टाकू." तक्ता अजून भिंतीवर आहे. चमचे नाहीत.

मग सरांनी वैतागून किचनमध्ये कॅमेरा बसवला. स्क्रीन त्यांच्या केबिनमध्ये. चोर सापडेल म्हणून आम्ही सगळे जरा सरळ चालायला लागलो. काही दिवसांनी लक्षात आलं की चमचे जातातच आहेत, पण कुणी कॉफी केली की बरोब्बर तेव्हा सर कप घेऊन किचनमध्ये हजर. योगायोग म्हणून किती सोडणार. ते केबिनमध्ये बसून कॉफी कधी होतेय एवढंच बघत होते!

आणि गंमत म्हणजे जगातला पहिला वेबकॅम याच कामासाठी होता. इंग्लंडात केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये १९९१ साली. कॉफीचं भांडं एका खोलीत, लोक बसायचे वेगवेगळ्या मजल्यांवर, जिने चढून यावं आणि बघावं तर भांडं रिकामं, कुणीतरी संपवलेलं. आपण असतो तर तक्ता लावला असता, त्यांनी भांड्यावर कॅमेरा लावला आणि त्याचं छोटंसं काळंपांढरं चित्र आपापल्या कॉम्प्युटरवर दिसेल असं केलं. १९९३ मध्ये ते वेबवर टाकलं, आणि मग जगभरातले लोक, ज्यांना त्या कॉफीतला एक थेंब मिळणार नव्हता, ते पण बघायला लागले की भांडं भरलंय का रिकामं. २००१ मध्ये तो बंद केला आणि ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. म्हणजे कलीग कॉफी संपवतात या एका तक्रारीतनं केवढं काय निघालं बघा. आमच्याकडे त्यातनं फक्त सरांची फुकटची कॉफी निघाली.

आता एवढं सगळं नावं ठेवल्यावर एक गोष्ट सांगायला पाहिजे. एरवी मला डोक्यात जाणारे एक काका आहेत, फॉरवर्डकाका. पहाटे सूर्योदयाचं चित्र, आठला सुविचार, नऊला हळदीचे फायदे (हळदीच्या अडत्यांचे हिशेब लिहिणाऱ्यांना हळदीचे फायदे!), दुपारी कुठलीतरी हरवलेली मुलगी जी दहा वर्षांपूर्वीच सापडलीय. ऑफिसचा ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय. पण जुलै संपत आला, कोयनेतनं पाणी सोडायला लागले की मी स्वतः तो अनम्यूट करते. कारण सांगलीत पावसाळ्यात 'काय म्हणताय' नंतरचा प्रश्न हवा-पाण्याचा नसतो, फुटांचा असतो. कृष्णेवरच्या इर्विन पुलाला पाणी किती? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पण विचारा. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, ते ज्यांनी बघितलंय ते आकडा ऐकताना थट्टा करत नाहीत. तर त्या दिवसांत फॉरवर्डकाका दर तासाला आकडा टाकतात, कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचा विसर्ग, पुलाची पातळी, आणि कुणी ऐकीव आकडा टाकला की "हे जुनं आहे, काढा" म्हणून दटावतात. अख्खं ऑफिस क्युसेक आणि टीएमसीत बोलायला लागतं, स्पीकरदादांचे क्लायंट पण ओटीपी सोडून फूटच विचारतात, आणि किचनमध्ये चहावाले कॉफीवाले एकाच ओट्याला टेकून अलमट्टीवर भांडतात. पाणी उतरलं की काका परत सुविचारावर. मी परत म्यूट.

उत्साहरावचं असं काही कामी येईल अशी मी वाट बघतेय. परवा आला होता प्रसंग. आमचे एक जुने क्लायंट आहेत, मार्केट यार्डातले आजोबा, धोतर टोपी, हिशेब सगळा तोंडपाठ, पोरगा लॅपटॉप उघडेपर्यंत ते बेरीज सांगून मोकळे. ते आले, पोर्टल बंद, बसावं लागणार होतं, मामा चहाला गेलेले. उत्साहराव लगेच पितळी पेला वाटी घेऊन पुढे. आजोबांनी वाटीत कॉफी ओतली, फुंकली, भुरका मारला. आम्ही सगळे बघतोय. आजोबा म्हणाले, "झ्याक हाय." उत्साहरावचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. मग आजोबा पुढं म्हणाले, "साखर कशाला घालतासा पर? गूळ घालून बघा की."

झालं. दुसऱ्या दिवशी हा ढेपेतला गूळ घेऊन हजर, कोल्हापुरी, रुमालात बांधून. काढा उतरवला, दूध गॅसवर ठेवलं, उकळी आली आणि त्यातच गुळाचा खडा टाकला. गूळ उकळत्या दुधात टाकला की दूध फाटतं, हे आमच्यातल्या निदान तिघींना माहीत होतं, पण आम्ही एकमेकींकडे बघून गप्प बसलो, कारण बोललो असतो तर 'का फाटतं' यावर बैठक झाली असती. दूध फाटलं. तो पातेल्यात बघत उभा. केबिनमध्ये कॅमेऱ्यावर सरांना एवढंच दिसलं की गॅस बंद झालाय, म्हणजे कॉफी झाली, ते कप घेऊन आले, पातेल्यात डोकावले, काही बोलले नाहीत, तसेच जिन्याकडे तोंड करून ओरडले, "मामा, फुल किटली सांगा!"

उत्साहराव मात्र खचलेला नाही. आज सकाळी विचारत होता, ढवळायला चमचा कुणाकडे आहे का, आधी गूळ पाण्यात विरघळवून बघू म्हणतोय.